पऱ्हाटीच्या जातींमधील संकर आणि त्याच्या मर्यादा

परस्परांशी निकटचे नाते असलेल्या दोन जाती एकाच भूप्रदेशात शेजारी शेजारी नांदत असता आपापले वेगळेपण कसे टिकवितात, हा जीवशास्त्रातील एक जुना व मूलगामी प्रश्न आहे. दोन जातींत संकर होत असेल, तर एकीची जनुके दुसरीत शिरत राहून काही पिढ्यांत दोहोंचे मिश्रण व्हावयास हवे. पण निसर्गात बहुधा तसे घडत नाही. संकर होतो, संकरज संतती दिसते, आणि तरीही जाती वेगळ्या त्या वेगळ्याच राहतात. या विरोधाभासाचा उलगडा करण्यास अमरावती व अकोला या जिल्ह्यांतील कपाशीचे पीक हे एक उत्तम साधन आहे. येथील शेतांत कपाशीची दोन घराणी एका शतकाहून अधिक काळ एकमेकींच्या बांधाला बांध लावून उभी आहेत. त्यांच्या संबंधाचा इतिहास तपासला असता असे दिसून येते की, जातींमधील खरे कुंपण पुष्कळदा फुलात नसते. ते संततीच्या पुढील पिढ्यांत असते.

मीलनापूर्वीचे कुंपण

प्रथम प्राण्यांमधील एक उदाहरण तुलनेसाठी घेणे सोयीचे होईल. मृगाचा जोरदार पाऊस पडून काळ्या रानातील खळगी व नाले भरले, की वऱ्हाडात एकाच डबक्याच्या काठी निरनिराळ्या जातींचे बेडूक एकाच रात्री ओरडू लागतात. ऐकणाऱ्या माणसास तो एकच कोलाहल वाटतो. वस्तुतः प्रत्येक जातीच्या नराचा आवाज स्वराच्या उंचीत व तालात वेगळा असतो आणि मादी आपल्याच जातीच्या आवाजाकडे ओढली जाते. बेडकांमध्ये अंड्यांचे फलन शरीराबाहेर पाण्यात होत असल्यामुळे एकाच डबक्यात मिश्रण होण्यास फारशी अडचण नसावी असे वाटेल; परंतु हा आवाजाचा संकेत जातींना बऱ्याच अंशी वेगळे ठेवतो. येथे कुंपण मीलनाच्या आधीच घातलेले आहे.

हे कुंपण अभेद्य मात्र नसते. मध्य युरोपात बॉम्बिना वंशाचे दोन भेक आढळतात. एकाचे पोट तांबड्या व दुसऱ्याचे पिवळ्या डागांनी भरलेले असते. पहिला सखल मैदानात व दुसरा डोंगराळ भागात राहतो. जेथे मैदान संपून डोंगर लागतात तेथे दोघांची गाठ पडते आणि मुबलक संकर होतो. पोलंडमधील क्राकूव शहराजवळच्या अशा पट्ट्याचा अभ्यास शिमुरा व बार्टन या दोघा शास्त्रज्ञांनी केला व १९८६ साली प्रसिद्ध केला. त्यांना असे आढळले की, मिश्रणाचा हा पट्टा अवघा सहा किलोमीटरांच्या आसपास रुंद आहे. त्याच्या अलीकडे एक जाती जवळजवळ शुद्ध आहे, पलीकडे दुसरी. संकरज प्राणी मूळ जातींच्या मानाने कमी प्रमाणात जगतात, त्यामुळे एका जातीची जनुके दुसरीच्या प्रदेशात फार दूरवर पोहोचण्यापूर्वीच गळून पडतात. म्हणजे आवाजाचे पहिले कुंपण ओलांडले गेले तरी संततीच्या जीवनक्षमतेचे दुसरे कुंपण शिल्लक राहतेच.

पऱ्हाटीच्या फुलाजवळ बेडकीप्रमाणे निवडीचे साधन नाही. फूल सकाळी उमलते व दुपारनंतर मिटू लागते. तिचे पराग जड व चिकट असल्याने वाऱ्याने फारसे उडत नाहीत. ते मधमाश्या व तत्सम कीटक वाहून नेतात. बहुतेक फुलांत स्वपरागण होते. परंतु कीटकांच्या संख्येनुसार शेकडा पाचांपासून तिसांपर्यंत फुलांना परक्या झाडाचे पराग मिळू शकतात. मधमाशी बांध ओळखत नाही, आणि एका शेतातील फूल कोणत्या जातीचे व शेजारच्या शेतातील कोणत्या, याचा तिला विधिनिषेध नसतो. पऱ्हाटीच्या बाबतीत पहिले कुंपण जवळजवळ नाहीच असे म्हटले तरी चालेल. म्हणूनच दुसऱ्या कुंपणाचा अभ्यास करण्यास हे पीक विशेष उपयुक्त ठरले.

चार जाती, दोन घराणी

जगात कपाशीच्या चार जाती लागवडीखाली आहेत. गॉसिपियम आर्बोरियम व गॉसिपियम हर्बेशियम या दोन जुन्या जगातील म्हणजे आशिया-आफ्रिकेतील जाती होत. गॉसिपियम हिर्सुटम व गॉसिपियम बार्बाडेन्स या दोन अमेरिकेतून आलेल्या आहेत. पहिल्या दोहोंच्या पेशींत २६ गुणसूत्रे असतात, दुसऱ्या दोहोंच्या पेशींत ५२. वऱ्हाडात जिला देशी किंवा गावरानी म्हणतात ती पऱ्हाटी आर्बोरियम जातीची होय. हर्बेशियमची लागवड मुख्यतः गुजरातेत व कर्नाटकात होत आली आहे. अमेरिकन घराण्यातील हिर्सुटम वऱ्हाडात विसाव्या शतकाच्या आरंभी 'बुरी' या नावाने पसरू लागली. देशी पऱ्हाटी ज्या मर रोगाने उभ्या उभ्या वाळून जात असे, त्या रोगास ती दाद देत नसे, हा तिचा मोठा गुण होता.

देशी पऱ्हाटीच्या एकाच जातीतही पुष्कळ विविधता होती. वऱ्हाडालगतच्या हिंगणघाट भागातील 'बनी' कपाशी लांब व मऊ धाग्याबद्दल ख्यातनाम होती. दुसऱ्या टोकास 'रोझियम' हा पांढऱ्या फुलांचा वाण होता. त्याचा धागा आखूड व जाडा, परंतु रुईचा उतारा भरपूर. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकेच्या यादवी युद्धामुळे इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसास एकाएकी मोठी मागणी आली. १८७० साली लॉर्ड मेयो यांच्या हस्ते खामगावच्या रेल्वे फाट्याचे उद्घाटन झाले. अमरावतीच्या नावावरून 'ऊमरा' हे व्यापारी नाव मुंबईच्या व विलायतेच्या बाजारांत रूढ झाले. पाठोपाठ जिनिंगचे कारखाने निघाले, आणि तेथेच वाणांच्या मिश्रणास खरी सुरुवात झाली.

पूर्वी शेतकरी घरच्या कापसाची सरकी घरीच काढून बियाण्यासाठी राखून ठेवीत असे. कारखान्यात मात्र दहा गावांचा कापूस एकत्र रेचला जाई आणि परत मिळणारी सरकी दहा वाणांची असे. ती शेतात पडली म्हणजे एकाच तासात बनी, रोझियम व इतर वाण शेजारी शेजारी उगवत. हे सर्व एकाच जातीचे असल्याने त्यांच्यातील संकराला कोणतीच आडकाठी नव्हती; संततीही पूर्ण फलनक्षम निघे. त्यातच ज्याचा उतारा अधिक त्या कापसाला कारखान्यात पसंती मिळे. परिणाम असा झाला की, विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत बनीसारखा उत्तम वाण मिश्रणात व आखूड धाग्याच्या वाणांच्या गर्दीत जवळजवळ हरवून गेला. या भेसळीस आळा घालण्यासाठी १९२१ साली इंडियन सेंट्रल कॉटन कमिटीची स्थापना झाली, १९२३ साली कापसाच्या वाहतुकीवर निर्बंध घालणारा कायदा झाला व १९२५ साली जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांवर नियंत्रण आले. अकोल्याच्या प्रायोगिक क्षेत्रावर मिश्र पिकातून चांगली झाडे निवडून 'व्हेरम'सारखे शुद्ध वाण तयार करण्याचे काम या काळात झाले.

हा इतिहास येथे सांगण्याचे कारण एवढेच की, जनुकांचा ओघ अनिर्बंध वाहिला तर काय होते याचा तो प्रत्यक्ष दाखला आहे. एका जातीच्या पोटात अशा ओघास बांध नसतो. दोन जातींच्या दरम्यान मात्र चित्र पालटते.

दोन देशी जातींचा संकर

आर्बोरियम व हर्बेशियम या दोन देशी जातींचे परस्पर परागण केले असता बोंडे सहज धरतात, सरकी उगवते आणि पहिल्या पिढीतील झाडे दोन्ही मातापित्यांहून जोमदार निघतात. त्यांना फुले-बोंडेही येतात. एवढ्यावर थांबणारा निरीक्षक या दोन जाती वस्तुतः एकच आहेत असा निष्कर्ष काढील. परंतु या जोमदार झाडांची सरकी पुन्हा पेरली म्हणजे दुसऱ्या पिढीत निराळेच दृश्य दिसते. काही झाडे खुरटी राहतात, काहींची पाने आकसलेली असतात, काहींना फुलेच येत नाहीत, तर काही बोंडे धरण्यापूर्वीच गळतात. सुदृढ झाडे निघतात ती थोडी, आणि ती बहुधा दोन मूळ जातींपैकी एकीच्या वळणावर गेलेली असतात.

या घटनेचा सखोल विचार प्रथम कपाशीच्याच अभ्यासकांनी केला. इंदूर येथे १९२४ साली स्थापन झालेल्या वनस्पती-उद्योग संस्थेत जे. बी. हचिन्सन यांनी १९३३ ते १९३७ या काळात देशी कपाशीच्या वर्गीकरणावर व आनुवंशिकतेवर काम केले. त्यांचे सहकारी आर. ए. सिलो यांनी जुन्या जगातील कपाशींच्या जातिभेदावरील आपला प्रबंध १९४४ साली प्रसिद्ध केला. या दोघांनी एस. जी. स्टीफन्स यांच्यासह लिहिलेला कपाशीच्या उत्क्रांतीवरील ग्रंथ १९४७ साली बाहेर आला. एस. सी. हार्लंड यांनी अमेरिकन घराण्यातील हिर्सुटम व बार्बाडेन्स यांच्या संकरातही दुसऱ्या पिढीचा असाच ऱ्हास पाहिला होता.

या ऱ्हासाची उपपत्ती थोडक्यात अशी देता येईल. झाडाचा कोणताही एक गुण, मग तो पानांचा आकार असो वा बोंडाची वाढ असो, एकाच जनुकावर अवलंबून नसतो. एका मुख्य जनुकाच्या कार्यास अनेक लहान जनुकांची साथ लागते. दीर्घ काळ वेगळ्या राहिलेल्या दोन जातींत हा मेळ दोन वेगळ्या रीतींनी बसलेला असतो. दोहोंकडे पान तसेच दिसते, परंतु ते घडविणारी जुळणी भिन्न असते. पहिल्या संकर पिढीत प्रत्येक झाडास दोन्ही जातींचा एकेक पूर्ण संच मिळतो, त्यामुळे दोन्ही जुळण्या शाबूत असतात व काम चालते. दुसरी पिढी होताना मात्र हे संच फोडून पुन्हा वाटले जातात. कोणाच्या वाट्यास मुख्य जनुक एका जातीचे व त्याचे साथीदार दुसऱ्या जातीचे येतात. दोन निराळ्या कारखान्यांच्या यंत्रांचे सुटे भाग एकत्र करून एक यंत्र जोडावे, तसा हा प्रकार होतो. प्रत्येक भाग स्वतः निर्दोष असतो, पण यंत्र चालत नाही.

गुणसूत्रांच्या रचनेतही थोडा फरक आहे. डी. यू. गर्स्टेल यांनी १९५३ साली दाखविले की, आर्बोरियम व हर्बेशियम यांच्यात गुणसूत्रांच्या दोन तुकड्यांची परस्पर अदलाबदल झालेली आहे. त्यामुळे संकरजाच्या जननपेशी तयार होताना चार गुणसूत्रे एकत्र गुंततात आणि काही पराग निकामी होतात. परंतु हा फरक गौण होय. मुख्य कारण जनुकांच्या जुळणीतील बिघाड हेच.

येथे एक शंका उत्पन्न होते. दुसऱ्या पिढीतील थोडी का होईना झाडे सुदृढ निघतात. ती मूळ जातीशी पुन्हा पुन्हा संकरित होत राहिली, तर परकी जनुके हळूहळू आत शिरणार नाहीत काय? स्टीफन्स यांनी या शंकेचा प्रयोगाने शोध घेऊन १९४९ साली आपले निष्कर्ष मांडले. गणिताच्या नियमानुसार, मूळ जातीशी प्रत्येक संकराबरोबर परक्या जातीचा अंश निम्मा होत गेला पाहिजे. प्रत्यक्षात तो त्याहून वेगाने नाहीसा होतो, असे त्यांना आढळले. झाडाची जुळणी परक्या जनुकांना जणू बाहेर फेकीत असते. पुढे १९८९ साली वेंडेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या जगातील कपाशींच्या प्रथिनांचे विश्लेषण करून असे दाखविले की, दोन्ही देशी जाती शतकानुशतके काही भागांत शेजारी वाढूनही त्यांच्यातील जनुकांचा शिरकाव अल्पच आहे आणि त्या स्वतंत्रपणे लागवडीखाली आल्या असाव्यात. क्राकूवच्या भेकांत जे सहा किलोमीटरांच्या पट्ट्यात दिसले, तेच येथे निराळ्या रूपाने प्रत्ययास येते.

तेरा आणि सव्वीस

देशी व अमेरिकन या दोन घराण्यांमधील अडसर याहूनही कठीण आहे. देशी पऱ्हाटीच्या परागात १३ गुणसूत्रे असतात आणि अमेरिकन कपाशीच्या बीजकात २६. त्यांचा संयोग झालाच तर संततीत ३९ गुणसूत्रे येतात. पण संयोग होऊनही सरकी सहसा पोसली जात नाही. गर्भाचे पोषण करणाऱ्या पुष्काची वाढ मातापित्यांकडून येणाऱ्या संचांच्या ठराविक प्रमाणावर अवलंबून असते; ते प्रमाण बिघडल्यामुळे बहुतेक बोंडे कोवळेपणीच गळून पडतात. चुकून एखादे झाड उभे राहिलेच, तर ते वाढीस जोमदार पण संततीस वांझ असते. ३९ गुणसूत्रांची सम जोड्यांत वाटणी होऊ शकत नसल्याने त्याचे पराग बहुतांशी निकामी असतात. अकोल्याच्या रानात देशीचा तास व अमेरिकनचा तास एकमेकांना चिकटून असले, तरी एकीचे जनुक दुसरीत जाऊन स्थिरावण्याची शक्यता यामुळे नगण्य ठरते.

आश्चर्य असे की, ही अमेरिकन कपाशी मुळात अशाच एका दूरच्या संकरातून जन्मास आली आहे. तिच्या ५२ गुणसूत्रांपैकी निम्मी जुन्या जगातील कपाशीच्या घराण्याची व निम्मी अमेरिकेतील एका रानटी घराण्याची आहेत. जे. ओ. बीस्ली व हार्लंड यांनी १९४० साली स्वतंत्रपणे हा संकर प्रयोगशाळेत पुन्हा घडवून दाखविला. आर्बोरियम व अमेरिकेतील रानटी थर्बेरी जाती यांच्या वांझ संकरजातील गुणसूत्रे कॉल्चिसिन या द्रव्याने दुप्पट केली असता फलनक्षम झाड मिळाले. निसर्गात ही घटना दहा ते वीस लाख वर्षांपूर्वी घडली असावी. गुणसूत्रे दुप्पट झाली की प्रत्येकास आपला जोडीदार मिळतो आणि वांझपणा नाहीसा होतो. परंतु असे झाड आपल्या दोन्ही मातापित्यांपासून त्याच क्षणी तुटते. अर्थात संकराने दोन जाती एक होण्याऐवजी येथे एक तिसरी जाती निर्माण झाली.

संशोधकांनी याच युक्तीचा उपयोग करून देशी कपाशीचे गुण अमेरिकन कपाशीत नेण्याचे प्रयत्न केले. ३९ गुणसूत्रांच्या वांझ झाडाची गुणसूत्रे दुप्पट करून ७८ करावयाची, त्याचा हिर्सुटमशी संकर करावयाचा, मिळालेल्या ६५ गुणसूत्रांच्या संततीचा पुन्हा हिर्सुटमशी, आणि असे करीत अखेर ५२ वर यावयाचे. सुरत येथील केंद्रावर देशी व अमेरिकन यांच्या अशा संकरातून लागवडीयोग्य वाण निघाले. परंतु यास वर्षानुवर्षांचे परिश्रम लागतात आणि हवा तो गुण वाटेतच गळून जाण्याचा धोका असतो. देशी पऱ्हाटी कमी पावसात तग धरते, तुडतुड्यांना सहसा बळी पडत नाही, आणि उत्तर भारतात अमेरिकन कपाशीची धूळधाण करणाऱ्या पर्णगुच्छ विषाणूचा तिला उपद्रव होत नाही. हे गुण अमेरिकन वाणांत सहज उतरविता येत नाहीत, ते या अडसरामुळेच.

हाताने केलेला संकर

दुसऱ्या पिढीत ऱ्हास होत असला तरी पहिल्या पिढीचा जोम उपयोगात आणता येईल, ही कल्पना भारतातच प्रथम मोठ्या प्रमाणावर अमलात आली. सुरतच्या केंद्रावर सी. टी. पटेल यांनी हिर्सुटमच्याच दोन वाणांच्या संकरातून 'एच-४' हे बियाणे तयार केले व १९७० साली ते शेतकऱ्यांच्या हाती आले. १९७२ साली धारवाड येथे बी. एच. कटारकी यांनी हिर्सुटम व बार्बाडेन्स या दोन जातींच्या संकरातून 'वरलक्ष्मी' निर्माण केली. गुजरातेत पुढे हर्बेशियम व आर्बोरियम यांचाही व्यापारी संकर निघाला. या सर्वांसाठी आदल्या सायंकाळी कळीच्या पाकळ्या व केसर नखाने खुडून काढावे लागतात आणि दुसऱ्या सकाळी किंजल्कावर नराचे पराग चोळून फुलाला खुणेचा दोरा बांधावा लागतो. एकेका एकरात हजारो फुलांवर हे काम करणारे हात बहुतांशी स्त्रियांचे असतात.

२० ऑक्टोबर १९६९ रोजी अकोल्यास स्थापन झालेल्या पंजाबराव कृषी विद्यापीठात, म्हणजे आजच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात, हे श्रम वाचविण्याच्या दिशेने एक महत्त्वाचे काम झाले. मेक्सिकोतील बाहा कॅलिफोर्निया या रुक्ष द्वीपकल्पात वाढणाऱ्या हार्कनेसी या रानटी जातीचे पेशीद्रव्य हिर्सुटममध्ये आणले असता नर-वांझ झाडे मिळतात. त्यांचे केसर खुडावे लागत नाहीत. अमेरिकेत व्हेस्टा मेयर यांनी १९७०च्या दशकात ही नर-वांझ झाडे सिद्ध केली. अकोल्याच्या 'पीकेव्ही हाय-३' व 'पीकेव्ही हाय-४' या संकरित वाणांत या पद्धतीचा उपयोग केलेला आहे. पेशीद्रव्य केवळ मातेकडून येते. त्यामुळे केंद्रातील जनुके हिर्सुटमची आणि त्यांभोवतीचे द्रव्य रानटी जातीचे, अशी झाडे वऱ्हाडच्या काळ्या जमिनीत उभी राहिली. निसर्गाचे कुंपण माणसाने येथे एका ठिकाणी हेतुपुरस्सर उघडले आहे.

बोंडातील नातवंडे

संकरित बियाण्याबद्दल एक गोष्ट पुष्कळदा ध्यानात येत नाही. शेतकरी जे बियाणे पेरतो ती पहिली संकर पिढी होय. परंतु त्या झाडाच्या बोंडातील सरकी ही दुसरी पिढी असते. म्हणजे ज्या पिढीत जनुकांची फाटाफूट होते ती पिढी शेतातच, झाडावरच्या बोंडात, आधी उपस्थित असते. म्हणूनच अशी सरकी पुढील वर्षी पेरून चालत नाही आणि दरवर्षी नवे बियाणे विकत घ्यावे लागते.

मार्च २००२ मध्ये बीटी कपाशीच्या लागवडीस मान्यता मिळाली, तेव्हापासून या साध्या नियमास नवे महत्त्व आले. मातीतील एका जीवाणूचे, बोंडअळीस घातक प्रथिन तयार करणारे जनुक हिर्सुटममध्ये घालण्यात आले आणि भारतात ते मुख्यतः संकरित वाणांच्या रूपाने विकले गेले. संकराच्या एकाच मातापित्याकडून हे जनुक आलेले असेल, तर मेंडेलच्या नियमानुसार बोंडातील दर चार सरक्यांपैकी सरासरी तीन सरक्यांत ते असते व एकीत नसते. गुलाबी बोंडअळी ही बोंडाच्या आत शिरून सरकी खाणारी आहे. तिला एकाच बोंडात विषारी व निर्विष असे दोन्ही प्रकारचे अन्न मिळते. अशा मिश्र खाद्यावर अळीत प्रतिकारशक्ती वाढण्यास अनुकूल परिस्थिती निर्माण होते, याकडे कापूस-संशोधकांनी लक्ष वेधलेले आहे. दोन जनुके असलेल्या बियाण्यांत हे प्रमाण निराळे पडते, परंतु तत्त्व तेच राहते. २०१७ च्या हंगामात विदर्भात गुलाबी बोंडअळीने केलेल्या हानीस अन्य कारणेही होती. लांबलेला हंगाम आणि बीटीविरहित आश्रय-ओळी लावण्याकडे झालेले दुर्लक्ष ही त्यांपैकी प्रमुख होत. तथापि संकरज झाडाच्या दुसऱ्या पिढीचा विचार केल्यावाचून या संकटाचे स्वरूप पूर्णपणे कळत नाही.

बीटी जनुक मधमाशीमार्फत शेजारच्या शेतात जाते काय, हाही प्रश्न वारंवार विचारला जातो. त्याचे उत्तर शेजारी कोणते घराणे आहे यावर अवलंबून आहे. शेजारी हिर्सुटमचा सुधारित वाण असेल, तर काही बोंडांत ते जनुक अवश्य जाईल व पुढील पिढीत टिकेलही, कारण एका जातीच्या पोटात त्यास बांध नाही. त्या वाणाची सरकी बियाण्यासाठी राखणाऱ्याने पुरेसे अंतर ठेवावयास हवे. शेजारी देशी पऱ्हाटी असेल, तर तेरा आणि सव्वीस यांचा अडसर आडवा येतो.

कुंपणाच्या दोन बाजू

या विवेचनावरून देशी पऱ्हाटी सुरक्षित आहे, असा समज होण्याचा संभव आहे. तो पुरता खरा नाही. १९४७ साली भारतातील कपाशीच्या क्षेत्रापैकी सुमारे ९७ टक्के क्षेत्र देशी जातींखाली होते. आज ते जेमतेम काही टक्क्यांवर आले आहे आणि देशातील नव्वद टक्क्यांहून अधिक क्षेत्र हिर्सुटमच्या संकरित बीटी वाणांनी व्यापले आहे. या काळात देशी कपाशीत अमेरिकन जनुके शिरली नाहीत; जातीचे कुंपण शाबूत राहिले. तरीही ती शेतांतून हटली, कारण ती पेरली गेली नाही. लांब धाग्याला मिळणारा भाव आणि बाजारात मिळणारे तयार बियाणे यांपुढे तिचा टिकाव लागला नाही.

जे कुंपण देशी पऱ्हाटीला मिश्रणापासून वाचविते, तेच तिचे गुण दुसऱ्या घराण्यात जाऊ देत नाही. बनी वाण मिश्रणात हरवला तेव्हा त्याची काही जनुके निदान त्याच जातीच्या इतर वाणांत विखरून राहिली असतील. देशी पऱ्हाटीच्या बाबतीत ती सोयही नाही. तिचा दुष्काळातील तग, तिचे रोगाला दाद न देणे, हे गुण अमेरिकन कपाशीत आपोआप उतरून ठेवले गेलेले नाहीत. ते तिच्याच सरकीत आहेत व तिच्याबरोबरच नाहीसे होतील.

अकोल्याच्या विद्यापीठाने 'एकेए-५', 'एकेए-७', 'एकेए-८४०१' यांसारखे आर्बोरियमचे सुधारित वाण दिले आहेत. हे संकरित बियाणे नव्हे. शेतकऱ्यास त्याची सरकी राखून पुढील वर्षी पेरता येते, आणि शेजारी बीटी कपाशी असली तरी तिच्या परागांनी ती बिघडत नाही. तिला जपावयाचे ते दुसऱ्या देशी वाणांपासून व जिनिंग कारखान्यातील सरमिसळीपासून. एकोणिसाव्या शतकात वऱ्हाडने बनीबाबत जो अनुभव घेतला, त्याचा धडा येथे जसाच्या तसा लागू पडतो. बियाण्यापुरता कापूस वेगळा वेचावा, वेगळा रेचावा आणि त्याची सरकी घरी राखावी. थोड्या तासांपुरती का होईना ती दरवर्षी मातीत पडत राहिली, तर दोन घराण्यांमधील हे पुरातन कुंपण पुढच्या संशोधकांनाही अभ्यासता येईल, आणि गरज पडेल तेव्हा ते ओलांडण्याचा प्रयत्नही करता येईल.